दोन घरचे उपाशी पाहुणे

राइट टाउन, नेपियर टाउन, गोलबाजार, रांझी या वस्त्यांत ज्यांच्या चार-चार पिढ्या नांदल्या आणि ज्यांच्या वाडवडिलांच्या अस्थी नर्मदेच्या ग्वारीघाटावर विसर्जित झाल्या, त्या मराठी कुटुंबांना जबलपूरच्या सरकारी कचेरीत आजही एक प्रश्न हमखास विचारला जातो : ‘‘आप लोग ओरिजिनली कहाँ के हो?’’ तेच कुटुंब बारावी झालेल्या मुलीला घेऊन पुण्याच्या किंवा नागपूरच्या प्रवेशाच्या रांगेत उभे राहिले, की खिडकीपलीकडून उत्तर येते : ‘‘तुम्ही महाराष्ट्राबाहेरचे.’’ दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. आमच्या वाट्याला आलेली गंमत त्याहून जहरी आहे. दोन्ही घरे आमचीच आहेत, आणि यजमान म्हणून मिरवणारे दोघेही आमच्याच पानातले जेवून आमच्याच तोंडावर ढेकर देत आहेत.

प्रथम वस्तुस्थिती. मराठी माणूस जबलपुरात काल-परवा ट्रंक घेऊन उतरलेला नाही. 1781 मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडल्याचे राज्य घेतले, 1798 मध्ये हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि 1817 च्या अखेरीस, सीताबर्डीच्या लढाईपाठोपाठ, इंग्रजांनी तो गिळला. कैद झालेले अप्पासाहेब भोसले अलाहाबादेच्या वाटेवर पहाऱ्यातून निसटले तेही याच परिसरातून. हा इतिहास आम्ही मिशा पिळण्यासाठी सांगत नाही. मराठे इथे जेते म्हणून आले, आणि ज्यांचे राज्य त्यांनी घेतले ते गोंड या मातीचे त्यांच्याहून फार जुने धनी होते. त्यांचे राजा शंकरशाह आणि पुत्र रघुनाथशाह यांना 18 सप्टेंबर 1857 रोजी इंग्रजांनी याच शहरात तोफेच्या तोंडी दिले. ‘मूळचे कुठले’ हे विचारण्याचा अधिकार या नगरीत कुणाला असेलच तर तो गोंडांना आहे. त्यांनी विचारले तर मराठी, बुंदेली, बंगाली, सिंधी, मारवाडी असे आम्ही सगळेच खाली मान घालून उभे राहू. बाकीच्यांनी हा प्रश्न गिळावा.

1870 मध्ये मुंबईकडून आलेला आणि कलकत्त्याकडून आलेला असे दोन लोहमार्ग जबलपुरात एकमेकांना मिळाले, आणि देशाच्या दोन टोकांची माणसे इथे संसार थाटू लागली. 1904 मध्ये गन कॅरेज फॅक्टरी उभी राहिली, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत खमरियाचा कारखाना आला, 1969 मध्ये व्हेईकल फॅक्टरी. ज्या तोफगाड्यांच्या आणि ज्या लष्करी ट्रकांच्या भरवशावर या देशाने हिमालयापासून कच्छच्या रणापर्यंत आपल्या सीमा राखल्या, त्यांचे नटबोल्ट आवळण्यात ज्यांची हयात गेली, पहाटेच्या भोंग्याबरोबर डबा घेऊन निघणे आणि संध्याकाळी ग्रीसने माखलेले हात घेऊन परतणे हेच ज्यांचे राष्ट्रकार्य होते, त्यांच्या नातवंडांना आज राष्ट्रातल्या आपल्या जागेचा पुरावा मागितला जात आहे. मागणारे कोण? खुर्चीवर बसून शिक्के उमटवणारे!

आणि या मातीला आम्ही काय दिले, हेही एकदा ऐकून घ्यावे. दमोह जिल्ह्यातल्या पथरियात जन्मलेले माधवराव सप्रे जबलपुरात शिकले. या मराठी माणसाने हिंदी पत्रकारितेचा पाया भक्कम केला, ‘दासबोध’ आणि टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले आणि 1920 मध्ये जबलपुरातून निघालेल्या ‘कर्मवीर’च्या उभारणीला खांदा दिला. आधुनिक हिंदी कवितेचा कणा मानले जाणारे गजानन माधव मुक्तिबोध मराठी घरातले. त्यांनी काही वर्षे याच शहरात शिक्षकी केली, आणि त्यांचे सख्खे भाऊ शरच्चंद्र मराठीत कवी म्हणून गाजले. एका आईच्या दोन लेकांनी दोन भाषांची घरे भरली. जबलपूरला ‘संस्कारधानी’ म्हणून ओळख मिळाली ती विनोबांमुळे, असे हे शहर स्वतःच अभिमानाने सांगते. विनोबा कुठले, हे मात्र तेव्हा कुणी विचारले नाही!

आता 1956 पाहा. 31 ऑक्टोबरच्या रात्री झोपी गेलेला जबलपूरचा मराठी कारकून आणि नागपुरातला त्याचा पाठचा भाऊ एकाच राज्याचे रहिवासी होते. सकाळी उठले तो विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेलेले, जबलपूर नव्या मध्यप्रदेशात, नागपूरच्या उच्च न्यायालयाचा वारसा जबलपूरला आणि राजधानी भोपाळला. ज्या राज्याने हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांना राजभाषा म्हणून मान दिला होता, त्याच राज्याच्या नावाखाली मराठी एका रात्रीत पाहुणी झाली. माणसे जागची हलली नाहीत. रेघ हलली.

रेघ हलवणाऱ्यांना तेव्हा निदान लाज होती. म्हणून याच पुनर्रचनेबरोबर झालेल्या सातव्या घटनादुरुस्तीने 350-अ हे कलम आले : भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची पुरेशी सोय प्रत्येक राज्याने करावी. त्याआधी 1949 मध्येच प्रांतोप्रांतीच्या शिक्षणमंत्र्यांनी निकष ठरवला होता : वर्गात 10 किंवा शाळेत 40 मुले असली की त्या भाषेचा शिक्षक द्यायचा. 350-ब कलमाने भाषिक अल्पसंख्यकांसाठी आयुक्त नेमला, तो राष्ट्रपतींना अहवाल देतो, अहवाल संसदेसमोर ठेवला जातो, आणि ठेवलेला अहवाल ठेवलेलाच राहतो. 2011 च्या जनगणनेत मध्यप्रदेशात मातृभाषा मराठी सांगणारे सुमारे 12 लाख लोक निघाले. एवढ्या लोकवस्तीच्या राज्यात जबलपूरसारख्या शहरातल्या सरकारी शाळेत मराठीचा शिक्षक शोधायला दिवा घेऊन हिंडावे लागते. घटनेने दिले ते कचेरीने खाल्ले.

भोपाळचे राज्यकर्ते मराठ्यांना विसरले आहेत, असे कुणी समजू नये. 2025 मध्ये अहिल्यादेवी होळकरांच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने महेश्वरला आणि इंदूरच्या राजवाड्यात मंत्रिमंडळाच्या बैठका भरल्या, पागोट्यांचे फेटे झाले, फुलांचे डोंगर झाले. अहिल्यादेवींचा मान व्हावा तेवढा थोडाच. पण ज्या राज्यकर्तीच्या पायाशी तुम्ही अख्खे मंत्रिमंडळ नेऊन बसवता, तिच्या घरात बोलली जाणारी भाषा तुमच्या शाळेच्या वेळापत्रकात बसत नाही? मेलेल्या मराठ्याची पूजा आणि जिवंत मराठ्याला ‘ओरिजिनली कहाँ के’! मराठी साहित्य अकादमी काढून चार व्याख्याने घडवली की कर्तव्य संपले, असा या मंडळींचा समज दिसतो. व्याख्यानाला जाणारे केस पांढरे झालेले असतात. भाषा शिकायची ती पहिलीत.

त्यातही काँग्रेस आणि भाजप या दोन्ही पक्षांचा भूमिपुत्रप्रेमाचा उमाळा पाहण्यासारखा आहे. 2018 च्या डिसेंबरात मुख्यमंत्रिपदाची शपथ घेताच कमलनाथांनी उत्तरप्रदेश-बिहारचे लोक येऊन स्थानिकांच्या नोकऱ्या नेतात, अशी तक्रार केली. हे गृहस्थ जन्मले कानपुरात! छिंदवाड्याने, जिथे मराठी घरे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आहेत, त्यांना पुनःपुन्हा निवडून दिले, तेव्हा त्यांच्या कानपूरचा दाखला कुणी मागितला नाही. 2020 च्या ऑगस्टमध्ये शिवराजसिंह चौहानांनी सरकारी नोकऱ्या फक्त मध्यप्रदेशच्या रहिवाशांना देण्याची घोषणा केली. राज्यघटनेचे कलम 16 जन्मस्थान किंवा निवास यावरून नोकरीत भेदभाव करू नका म्हणते, आणि निवासाची अट घालायचीच तर तो अधिकार फक्त संसदेला देते. पण घटना वाचायला वेळ लागतो, घोषणेला ध्वनिक्षेपक पुरतो.

मुंबईकडे वळू. इथे आमची जीभ अधिक धार घेते, कारण परक्याने झिडकारले तर अंगावर येते, घरच्याने झिडकारले तर जिव्हारी लागते. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि मुंबईत पेढ्यांचे खोके फुटले. 2020 मध्ये राज्यातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा झाला, उत्तम झाले. 2025 च्या पावसाळ्याच्या तोंडी पहिलीपासून हिंदीचा शासननिर्णय आला, गदारोळ झाला, 29 जूनला तो मागे घेतला गेला, 5 जुलैला वरळीत विजयमेळावा झाला, आणि त्याच आठवड्याच्या आसपास मीरा रोडला एका दुकानदाराच्या कानशिलात मराठीच्या नावाने लगावली गेली. ती थप्पड मीरा रोडला वाजली, वळ उठला तो जबलपूरच्या मराठी माणसाच्या गालावर. ज्याने आयुष्यभर आपल्या हिंदीभाषक शेजाऱ्याशी साखर-दुधाची देवाणघेवाण केली, ज्याच्या गणपतीच्या मांडवाला शेजारच्या मिश्राजींनी आणि पटेलांनी वर्गणी दिली, त्याला त्या दिवसांत कोपऱ्यावरच्या चहावाल्यासमोरसुद्धा मान वर करायची चोरी झाली. पराक्रम कुणाचा, आणि किंमत कुणी मोजायची!

ज्या घराण्याच्या नावाने हा पराक्रम चालतो, त्या घराण्याचे मूळपुरुष प्रबोधनकार ठाकरे यांच्या शिक्षणाचा काही काळ देवासला गेला. देवास मध्यप्रदेशात आहे. तिथल्या कुणा हिंदीभाषकाने त्यांना ‘आधी आमची भाषा बोल’ म्हणून थोबाडले असते, तर प्रबोधनकारांच्या लेखणीने त्याची जी सालटी काढली असती, ती आजच्या वारसांनी कल्पनेत तरी पाहावी.

बरे, मराठीचा एवढा कळवळा, तर बाहेरच्या मराठी लेकरांना घरात घ्याल? छे! महाराष्ट्राच्या अधिवासाच्या दाखल्याला 15 वर्षांचे वास्तव्य लागते. वैद्यकीय प्रवेशाच्या राज्य कोट्यात बसायचे तर दहावी आणि बारावी महाराष्ट्रातूनच हवी. सीमाभागातल्या 865 गावांच्या मुलांना तिथे सवलत आहे, आणि ती असलीच पाहिजे. पण जबलपूर, सागर, मंडला इथे घरात मराठी जपणाऱ्या मुलीने कोणता गुन्हा केला? तिने मराठी बोलून काही मिळत नाही, आणि मुंबईत कुणी मराठी बोलला नाही तर त्याला मार मिळतो. असा हा मराठीचा न्याय! विश्व मराठी संमेलनासाठी सातासमुद्रापलीकडच्या मराठीजनांना शासनाने प्रवासखर्चाला अनुदान देऊ केले. डॉलर कमावणारा मराठी हा गौरव. खमरियाच्या क्वार्टरमध्ये राहणारा मराठी हा उपरा. सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये प्रदीप जैन खटल्यात आणि पुन्हा 29 जानेवारी 2025 च्या, पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशाच्या निकालात स्पष्ट सांगितले की या देशात अधिवास एकच, तो भारताचा. मुंबई आणि भोपाळ दोघांनीही ते ऐकून न ऐकल्यासारखे केले.

या सगळ्यात सर्वांत निर्दय कात्री चालते ती दलित आणि आदिवासी घरांवर. आंध्रातल्या एका आदिवासी मुलाचे वडील केंद्र सरकारच्या उपक्रमातल्या नोकरीसाठी मुंबईला आले आणि मुलाला मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयात आरक्षण नाकारले गेले. 1990 मध्ये घटनापीठाने ठरवले की राज्य बदलले की अनुसूचित म्हणून मिळणारा लाभ मागे राहतो. जात मात्र मागे राहत नाही. ती नव्या गावी भाड्याची खोली शोधताना बरोबर येते. जबलपुरात जातीच्या दाखल्याला गेलेल्या मराठी घराला 1950 सालचा मध्यप्रदेशातला पत्ता मागतात. अहो शहाण्यांनो, 1950 साली मध्यप्रदेशची राजधानी नागपूर होती! त्या वर्षी नागपूर सोडून जबलपूरला आलेला कामगार राज्य ओलांडून आला नव्हता, गाडीत बसून एक रात्र प्रवास करून आला होता. त्याच्या नातवाला आज परगावचा ठरवताय, तर निदान आपला इतिहास तरी परगावचा ठरवू नका.

हे अज्ञान नाही. अज्ञान असते तर एका निवेदनाने दूर झाले असते. जबलपूरच्या मराठी माणसाचे मत महाराष्ट्रात पडत नाही, आणि जबलपुरात पडते ते विखुरलेले पडते. त्याला जवळ घेऊन मुंबईत एकही प्रभाग जिंकता येत नाही, त्याला शाळा देऊन भोपाळात एकही आमदार निवडून येत नाही. म्हणून त्याची पुण्यतिथी-जयंती साजरी होते आणि त्याचा अर्ज प्रलंबित राहतो. अस्मितेच्या या बाजारात माल आमचा, गल्ला त्यांचा.

एक टोमणा आमच्यातल्यांनाही मारलाच पाहिजे. आमच्या मंडळांतून हळदीकुंकू होते, कोजागिरीचे दूध आटते, गणपतीत एकांकिका होतात, आणि वार्षिक सभेत ‘मुले मराठी बोलत नाहीत हो’ असे उसासे पडतात. उसासा हा अर्ज नव्हे. कचेरीच्या आवकबारनिशीत त्याची नोंद होत नाही.

तेव्हा नव्या शैक्षणिक सत्राआधी, ज्या वर्गात दहा किंवा ज्या शाळेत चाळीस मराठी मुले भरतील, तिथल्या आईबापांनी 350-अ कलमाचा उल्लेख करून शिक्षकाच्या मागणीचा अर्ज जिल्हा शिक्षण अधिकाऱ्यांकडे द्यावा, शिक्क्याची पोच घ्यावी आणि तिची प्रत भाषिक अल्पसंख्यकांच्या आयुक्तांना पाठवावी. मंडळांनी महाराष्ट्र शासनाकडे एकच लेखी मागणी करावी : सीमाभागाला दिली तशी सवलत बृहन्महाराष्ट्रातल्या मराठी मुलांना द्या, नाहीतर त्यांच्या नावाने गौरव दिन करणे थांबवा. आणि पुढच्या निवडणुकीत जो कुणी फेटा बांधून ‘जय शिवाजी’ म्हणत आपल्या दारात येईल, त्याला पाणी द्या, बसायला द्या, आणि त्या पोचपावतीची झेरॉक्स त्याच्या हातात ठेवा. उत्तर घेतल्याशिवाय त्याला उठू देऊ नका.