ओल्या सरपणाचे अर्थशास्त्र

थंडीचे दिवस आले की शहरातील सुस्थित वर्गाला जंगलांची काळजी वाटू लागते. खेडोपाडी अंगणात आणि परसात धुमसणारे बंब पाहिले की ‘किती ही नासाडी’ असा उद्गार सहज निघतो. पाठोपाठ उपदेशही येतो: लाकूड वाळवून जाळा, कमी जाळा, नळी स्वच्छ ठेवा, नाहीतर बंब मोडीत काढून गीझर घ्या. या उपदेशातील तांत्रिक भाग बहुतांशी खरा आहे. खोटा आहे तो त्यामागचा समज. गरीब माणूस सरपण वाया घालवतो ते अज्ञानामुळे, असे येथे गृहीत धरलेले असते. वस्तुतः सरपणाची काटकसर ही मालमत्तेवर अवलंबून असलेली गोष्ट आहे, आणि ज्याच्याजवळ मालमत्ता नाही त्याला काटकसरीचे धडे देणे म्हणजे उपाशी माणसाला मिताहाराचे महत्त्व सांगणे होय.

प्रथम बंबाकडेच पाहू. पुण्याच्या तांबट आळीत पिढ्यान् पिढ्या घडत आलेले हे तांब्यापितळेचे साधन रचनेच्या दृष्टीने मुळीच मागासलेले नाही. बाहेर पाण्याचे गोल भांडे, मधोमध उभी नळी, खाली जाळी आणि जाळीखाली राखेला जागा. जाळ नळीतून वर चढतो आणि सर्व बाजूंनी पाण्याने वेढलेला असतो. उघड्या तीन दगडांवर ठेवलेल्या हंड्याच्या तळाला जाळ जेमतेम चाटून जातो आणि उष्णतेचा मोठा हिस्सा वाऱ्यावर जातो. तशा चुलीत लाकडातील उष्णतेचा दहा ते पंधरा टक्के भागच भांड्यापर्यंत पोहोचतो, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पाण्याच्या पोटात जाळ ठेवणारा बंब त्याहून बरेच अधिक काम करू शकतो. मात्र त्याच्याकडून ते काम करून घेण्याच्या काही अटी आहेत.

पहिली अट कोरड्या लाकडाची. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणीच असते. ते चिरून, जमिनीपासून उंच, फटी ठेवून आणि छपराखाली रचून सहा महिने ते वर्षभर ठेवले तर पाण्याचे प्रमाण पंधरा-वीस टक्क्यांवर येते. दुसरी अट ढलप्यांची. मनगटाएवढ्या जाडीच्या ढलप्या थोड्या थोड्या घालून जाळ लहान पण प्रखर ठेवावा. ओंडका कोंबून तो तासन् तास धुमसू दिला तर न जळलेले वायू धूर होऊन निघून जातात, आणि धूर म्हणजे वाया गेलेले सरपणच. तिसरी अट हवेची. राखेने जाळी बुजली की खालून हवा येत नाही. म्हणून पेटवण्यापूर्वी रोज राख काढली पाहिजे. चौथी अट काजळीची. नळीच्या आत साचलेला थर उष्णतेला पाण्यापर्यंत जाऊ देत नाही. आतल्या बाजूने क्षारांचे पुट चढले तर तेच होते. नळी आठवड्यातून एकदा घासावी, क्षार अधूनमधून काढावेत. भांडे पाण्याने भरल्याखेरीज जाळ करू नये, नाहीतर डाख सुटतो आणि बंब गळू लागतो. प्लास्टिक, रबर किंवा रंगवलेल्या फळ्या त्यात कधीही जाळू नयेत. त्यांचा धूर सरपणाच्या धुरापेक्षाही घातक असतो.

एवढे नियम कोणत्याही गृहिणीला समजतात. बहुतेकींना ते आधीपासून ठाऊकच असतात. मग ते पाळले का जात नाहीत? याचे उत्तर साध्या हिशेबात आहे.

पाच माणसांचे कुटुंब. माणशी पंधरा लिटर पाणी, म्हणजे पंचाहत्तर लिटर. ते तीस अंशांनी तापवायचे तर सुमारे २,२५० किलोकॅलरी उष्णता पाण्यात उतरली पाहिजे. छपराखाली वाळलेले लाकूड किलोमागे साडेतीन हजार किलोकॅलरींच्या आसपास देते. नीट राखलेल्या बंबाने त्यातील चौथा हिस्सा पाण्याला दिला असे धरले, तर रोज अडीच किलोंहून थोडे अधिक लाकूड पुरते. आता ओले लाकूड घ्या. त्यातील प्रत्येक किलो पाण्याची वाफ करण्यातच सुमारे सहाशे किलोकॅलरी खर्च होतात. परिणामी ओल्या लाकडाच्या एका किलोतून दोन हजारांच्या आसपासच किलोकॅलरी हाती लागतात. शिवाय जाळ थंड राहतो, धूर वाढतो, काजळी साचते. पाण्याला मिळणारा हिस्सा पंधरा टक्क्यांवर घसरला असे धरले, तर त्याच आंघोळींना साडेसात किलो लाकूड लागते. काम तेच, सरपण तिप्पट.

हे लाकूड वखारीत वजनावर विकले जाते. ओले लाकूड घेणारा मनुष्य लाकडाच्या भावाने पाणी विकत घेतो आणि ते पाणी उडवून लावण्यासाठी पुन्हा लाकूड जाळतो. असा दुहेरी दंड कोण भरतो? ज्याच्या घरी मोठे परस आहे, पत्र्याची पडवी आहे, उन्हाळ्यात वर्षाचे सरपण एकरकमी घेण्याइतका पैसा हाती आहे, तो हा दंड भरत नाही. त्याचे लाकूड पावसाळ्यापूर्वीच वाळलेले असते. भरतो तो शेतमजूर, ज्याच्या झोपडीला स्वतःचेच छप्पर अपुरे आहे आणि ज्याच्या हाती आठवड्याच्या मजुरीपलीकडे काही उरत नाही. तो चार दिवसांचे सरपण घेतो, आणि श्रावणात घेतो ते ओलेच. कोरड्या सरपणाचा साठा हे भांडवल आहे आणि छप्पर हेही भांडवल आहे. भांडवलावाचून कार्यक्षमता नाही, हा नियम कारखान्याइतकाच चुलीलाही लागू आहे.

जो विकत घेत नाही, त्याचे काय? त्याच्या घरची स्त्री डोक्यावर मोळी आणते. तिच्या श्रमाचा भाव कोणत्याही हिशेबवहीत धरला जात नाही, म्हणूनच ते सरपण ‘फुकट’ समजले जाते. तिप्पट सरपण म्हणजे तिप्पट मोळ्या. गावाजवळची झुडपे संपली की पायपीट वाढते, आणि वनरक्षकाचा धाक असतोच. १८७८ आणि १९२७ च्या वन कायद्यांनी जंगल सरकारचे झाले आणि काटक्या वेचणारा गुन्हेगार ठरला. १९३० च्या जंगल सत्याग्रहात चिरनेर आणि बिळाशीची जनता उठली, तिच्या मनात हाच अन्याय सलत होता. २००६ च्या वनहक्क कायद्याने निस्तार हक्कांना मान्यता दिली. पण ज्या गावांत सामूहिक दावे अद्याप निकालात निघालेले नाहीत, तेथे मोळी भीतभीतच बांधली जाते. चोरून आणलेले लाकूड कोणी सावकाश निवडत नाही. हाती येईल ते, ओले असो की सुके, उचलावे लागते.

शासनाला या प्रश्नाची जाणीव नव्हती असे नाही. १९८३ मध्ये सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, २००२ मध्ये केंद्राने त्यातून अंग काढून घेतले. मधल्या काळात तीन कोटींहून अधिक चुली बसवल्या गेल्या. कागदावर हा पराक्रमच होय. परंतु मोजदाद होत राहिली ती मुख्यतः बसवलेल्या चुलींची. धुराडे तुंबल्यावर ते कोणी साफ करायचे, जाळी वितळल्यावर नवी कोठून आणायची, हा प्रश्न उद्दिष्टांच्या तक्त्यात बसत नव्हता. ओडिशात हॅना, दुफ्लो आणि ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी चार वर्षे केलेली आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी या बाबतीत उद्बोधक आहे. पहिल्या वर्षी स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या श्वासातील धूर घटला. पुढे चुली नादुरुस्त झाल्या, त्यांचा वापर मंदावला आणि तो लाभ नाहीसा झाला. सरपणही वाचले नाही. यावरून ‘लोक देखभाल करीत नाहीत’ असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात. पण शहरातल्या पाण्याच्या नळवाहिनीची देखभाल नागरिक स्वतः करतात काय? तिथे पगारी नोकर असतो. गरिबाच्या चुलीलाच तेवढी स्वयंसेवेची अट का?

यावर आजचे ठरलेले उत्तर गॅसचे. २०१६ मध्ये आलेल्या उज्ज्वला योजनेने कोट्यवधी घरांत शेगडी पोहोचवली, हे मान्य केलेच पाहिजे. स्वयंपाकघरातील धूर हे विष आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये घरगुती धुरामुळे जगभरात ३२ लाख मृत्यू ओढवले. या विषातून सुटका करणारी कोणतीही योजना स्वागतार्ह आहे. परंतु जोडणी म्हणजे वापर नव्हे. महालेखापरीक्षकांच्या २०१९ च्या अहवालाप्रमाणे उज्ज्वला ग्राहकांची सरासरी वर्षाला ३.२१ सिलिंडरांची होती. अनुदान वाढल्यावर ती वाढली आणि २०२४-२५ मध्ये साडेचारच्या आसपास पोहोचल्याचे सरकार सांगते. आता वरच्याच कुटुंबाचे पाणी गॅसवर तापवून पाहा: १४.२ किलोंचा सिलिंडर केवळ आंघोळीवर सहा आठवड्यांत संपतो. वर्षाला साडेचार सिलिंडर घेणारे घर तो आंघोळीला कसा लावणार? स्वयंपाकघरात गॅस आला तरी अंगणातला बंब विझत नाही याचे कारण हट्ट किंवा परंपरा नसून हा भागाकार आहे.

आणि गीझर? त्याच पाण्याला सुमारे २.६ युनिट वीज लागते. ती औष्णिक केंद्रातून आली तर तिच्यामागे पावणेदोन किलोंच्या आसपास कोळसा जळतो. मुंबई-पुण्याच्या सदनिकेतील न्हाणीघर धूरविरहित दिसते, कारण त्याचा बंब चंद्रपूर-कोराडीला पेटलेला असतो. तिथली राख आणि धूर विदर्भातील माणसाच्या वाट्याला येतात. आपला धूर दुसऱ्याच्या अंगणात नेऊन ठेवण्याची ऐपत म्हणजे स्वच्छता, ही व्याख्या समाजवाद्यांनी तरी स्वीकारू नये.

उलट टोकाला काही मंडळी बंबाचे गोडवे गातात. पर्यटकांच्या निवाऱ्यात चकचकीत तांब्याचा बंब मांडून ‘जुन्या काळची आंघोळ’ विकली जाते. त्या बंबाला वाळलेले लाकूड, नारळाच्या करवंट्या आणि राख काढायला पगारी नोकर मिळतो. ज्या बाईला भल्या पहाटे ओल्या फांद्यांवर फुंकर मारीत डोळे चोळावे लागतात, तिला या स्मरणरंजनात जागा नाही.

तेव्हा मागणी स्पष्ट असावी. जिथे ऊन आहे तिथे पाणी तापवण्याचे पहिले साधन सूर्य असला पाहिजे. आश्रमशाळा, वसतिगृहे आणि दवाखाने यांना सौर बंब सरकारी खर्चाने मिळावेत, आणि त्यांच्या दुरुस्तीची तरतूद अंदाजपत्रकात दरवर्षी वेगळी दाखवावी. जिथे लाकूड जळणारच आहे तिथे प्रत्येक ग्रामपंचायतीने सरपणाचे सामाईक छप्पर उभारावे. उन्हाळ्यात सरपण घेऊन ते चिरून वाळवावे आणि पावसाळ्यात त्याच भावाने रोजच्या गरजेपुरते विकावे. धान्याच्या कोठाराचे तत्त्व सरपणाला लावण्यात अवघड काहीच नाही. वखारीत ओल्या आणि वाळल्या लाकडाचा भाव वेगळा असावा व तो फलकावर लिहिलेला असावा. गावातील एखाद्या तरुण-तरुणीला चूल, धुराडे आणि बंब यांच्या दुरुस्तीचे शिक्षण देऊन मानधनावर नेमावे. निस्तार हक्कांचे दावे मुदतीत निकालात काढावेत.

यातील एकाही मागणीसाठी नवे तंत्रज्ञान शोधावे लागत नाही. एक छप्पर, एक तराजू, एक दुरुस्ती करणारा आणि कायद्यात लिहिलेला हक्क, एवढेच हवे आहे. हे देण्याची तयारी नसेल, तर गरिबाला काटकसर शिकवण्याचा अधिकारही कोणाला उरत नाही.