पिकअपची उंची आणि शॉकअपची निवड

भोर घाटाच्या पायथ्याशी असलेल्या कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत शेतघरांसाठी जमिनीची खरेदीखते होऊ लागली, तसा एका विशिष्ट वाहनाचा संचारही वाढत गेला. मागे उघडा हौदा, खाली रुंद टायर आणि कारखान्याने दिलेल्या उंचीवर आणखी दोन-तीन इंचांची भर, असे हे पिकअप कशेळे-खांडसच्या रस्त्याने अथवा चौकच्या बाजूने जाताना दिसले, की मालकाने खर्चात कसूर केलेली नाही एवढे निश्चित समजते. तो खर्च योग्य जागी झाला आहे काय, हे मात्र गाडीखाली वाकून पाहिल्याखेरीज कळत नाही, आणि माझ्या मते बहुधा तो तसा झालेला नसतो.

गॅरेजात ज्याला सर्रास शॉकअप म्हणतात, ते उपकरण गाडीचा भार पेलते, हा पहिला गैरसमज. भार पेलतात ते पाटे अथवा स्प्रिंगा. खड्ड्यातून निघालेले चाक पुनःपुन्हा उसळत राहू नये म्हणून दट्ट्याला तेलातून, बारीक छिद्रांवाटे, सक्तीने मार्ग काढावयास लावून त्या उसळीची उष्णता करून टाकणे, एवढेच शॉकअपचे कार्य. सबब पाट्यांखाली ठोकळे घालून गाडी उचलली आणि शॉकअप जुनेच ठेवले, तर ते उभ्या जागीच निम्मेअधिक ताणलेले राहतात. चाक खड्ड्यात लोंबकळताच त्यांची लांबी संपते, सारा हिसका दट्ट्यावर आणि बोल्टांवर येतो, आणि यथावकाश सील फुटून तेल गळू लागते. उलटपक्षी, उंची वाढली म्हणून डोळे झाकून लांब शॉकअप बसवले, तर भरल्या गाडीत रबरी बंप स्टॉप टेकण्यापूर्वीच ते आतल्या आत आपटतात, आणि हा दोष पहिल्याहून अधिक नाशकारक होय.

म्हणून दुकानात जाण्यापूर्वी मोजमाप हवे. चौकट जॅकवर उचलून चाक पूर्ण लोंबते सोडावे आणि वरच्या व खालच्या बोल्टांमधील अंतर घ्यावे. मग बंप स्टॉप टेकेल इतके चाक वर दाबून तेच अंतर पुन्हा घ्यावे. पूर्ण उघडलेला शॉकअप पहिल्या अंतराहून किंचित लांब आणि पूर्ण मिटलेला दुसऱ्याहून किंचित आखूड असला पाहिजे. हे काम अर्ध्या तासाचे आहे. तथापि डब्याचा रंग आणि कंपनीचे नाव पाहून सौदा करण्याचा शिरस्ता असा पक्का झाला आहे, की टेप मागणारा गिऱ्हाईक कारागिरास विक्षिप्त वाटतो.

प्रकाराविषयी माझे मत आजच्या फॅशनच्या विरुद्ध आहे. फ्रान्समधील द कार्बोन यांच्या नावाशी निगडित असलेला एकनळीचा, म्हणजे मोनोट्यूब, शॉकअप उष्णता लवकर बाहेर टाकतो आणि तासन् तास खडबडीत वाटेवर धावणाऱ्या वाहनास तो उत्तमच. परंतु त्याचा दट्ट्या थेट बाहेरच्याच नळीत फिरत असल्यामुळे एक उडालेला दगड त्या नळीला पोचा पाडून त्याला निकामी करू शकतो. आपल्याकडे वाईट रस्ता असतो तो पाच-सात किलोमीटरांचा, काळ्या दगडांच्या खडीने माजलेला, आणि मग लगेच डांबर लागते. अशा मुलखात जाड पत्र्याचा, कमी दाबाचा नायट्रोजन भरलेला दुहेरी नळीचा शॉकअप स्वस्त तर पडतोच, शिवाय पोचाही सोसतो. तो पैदा करण्यासाठी परदेशाकडे पाहण्याचेही कारण नाही. 1961 साली स्थापन झालेल्या गॅब्रिएल इंडियाचा कारखाना घाटापलीकडे चाकणनजीकच आहे.

खरा विचार भाराचा. भट्टीवरची वीट, भाताची पोती, भाजी, मांडवाचे सामान वाहणारे पिकअप तेरा ते सतरा क्विंटलांसाठी बांधलेले असते, आणि रिकामे असताना त्याचे मागचे पाटे इतके ताठ राहतात की चाक खडीवरून उड्या मारते. कर्जत स्थानकात घाट चढणाऱ्या आगगाडीस मागून जादा इंजिने जोडतात, ती तिचे वजन आणि चढ यांच्या हिशेबाने, डब्यांचा डौल पाहून नव्हे. शॉकअपही तसाच, आपल्या नित्याच्या भारास अनुरूप निवडावा. शनिवार-रविवारी दोन खुर्च्या आणि एक कुत्रा नेणाऱ्याने सर्वांत कठीण शॉकअप मागून घेतला, तर चाकाची पकड सुटून ब्रेकचे अंतर वाढते. उलट रोज विटा वाहणाऱ्या भाडेकऱ्याच्या गाडीचे शॉकअप कोरडे ठणठणीत झालेले असतात आणि तिकडे कोणाचेही लक्ष नसते.

उंचीस कायद्याचीही बाजू आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमान्वये निर्मात्याने ठरवलेल्या व नोंदणीपत्रात दाखल झालेल्या तपशिलाहून वाहन भिन्न होईल असा फेरफार करण्यास मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे निःसंदिग्ध सांगितले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत फेरफारास सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दर फेरफारामागे 5,000 रुपये दंड, अथवा दोन्ही ठरवले. मूळ मापाचे शॉकअप बदलण्यास कोणाची हरकत नाही.

शिवाय उंच गाडी वळणावर अधिक कलते, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत घुसतात, आणि पावसाळ्यात उल्हास अथवा पेज नदीवरील फरशी पुलावरून पाणी वाहत असता मालकास जे धाडस सुचते ते या उंचीनेच सुचवलेले असते; वाहत्या पाण्यास दोन इंचांची भीड पडत नाही. तेव्हा गाडी कारखान्याच्याच उंचीवर ठेवावी, उचललेली असल्यास खाली आणावी, आणि ठोकळ्यांसाठी काढून ठेवलेल्या रकमेतून एकाच ॲक्सलचे दोन्ही शॉकअप जोडीने, रबरी बुशांसह, मृग लागण्यापूर्वी बदलून घ्यावेत.