गोंदून घ्या, पण सुई बघून

परभणीत दरवर्षी फेब्रुवारीत हजरत तुराबुल हक यांचा उरूस भरतो. उरूस असो की गावची जत्रा, रहाटपाळण्याच्या आसपास मशीन घेऊन बसलेला गोंदणारा हमखास दिसतो. थोड्या पैशांत हातावर नाव, बदाम किंवा त्रिशूळ. आजीच्या हातावरही हिरवे गोंदण होतेच, मग भीती कसली? भीती गोंदणाची नाही, दहा जणांना टोचलेल्या एकाच सुईची आहे.

सुई कातडी भेदून रक्तापर्यंत जाते. तिच्यावरून ‘हिपॅटायटिस बी’, ‘हिपॅटायटिस सी’ आणि एचआयव्ही एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. ‘बी’चा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस तग धरतो. सुई फडक्याने पुसून किंवा गरम पाण्यात बुडवून तो मरत नाही. शाईच्या एकाच बाटलीत सर्वांची सुई बुडत असेल, तर नव्या सुईचाही उपयोग नाही. त्रास लगेच होत नाही. यकृत बिघडल्याचे कित्येकदा अनेक वर्षांनी कळते.

म्हणून चार गोष्टी डोळ्यांनी पाहा. सुईचे बंद पाकीट आपल्यासमोर फोडले का? शाई आपल्यापुरती वेगळ्या टोपणात काढली का? हातमोजे नवे आहेत का? वापरलेली सुई वेगळ्या डब्यात गेली का? एकाचेही उत्तर ‘नाही’ असेल, तर सरळ उठून या.

गोवा, बँकॉक किंवा बालीला जाणाऱ्यांनाही हाच नियम. ‘बी’ची लस आधीच घ्यावी, तिचे तीन डोस आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी असे असतात. ‘सी’वर लस नाही.

चित्र निवडतानाही विचार हवा. दंडावर बुद्धाचे चित्र गोंदलेल्या एका ब्रिटिश पर्यटक महिलेला श्रीलंकेने 2014 मध्ये परत पाठवले होते. जपानमधील अनेक सार्वजनिक स्नानगृहांत गोंदलेल्यांना प्रवेश नसतो. आपल्याकडे पायावर देव गोंदलेला कोणाला रुचेल?

सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या मुलांनी तर थांबावेच. सैन्यात कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि पंजाच्या मागच्या बाजूलाच गोंदण चालते. परंपरेनुसार गोंदणाऱ्या आदिवासी उमेदवारांना सवलत आहे. शिवाय गोंदल्यानंतर बारा महिने रक्तदान करता येत नाही.

जत्रेत आधीच गोंदून घेतले असेल, तर घाबरू नका, पण लपवूही नका. लगेच डॉक्टरांना भेटा आणि ‘बी’ची लस घेतलेली नसल्यास तसे सांगा. तीन महिने झाल्यावर तिन्ही तपासण्या करून घ्या. एचआयव्हीची तपासणी सरकारी रुग्णालयात मोफत होते. ‘सी’ आता औषधांनी बरा होतो; वेळेवर कळला पाहिजे, एवढेच.