रोबोट कोणाच्या खुब्यासाठी?

गिरण्यांचे भोंगे बंद झाले, परळ-लालबागमध्ये टॉवर उभे राहिले आणि आता मुंबईतील खासगी रुग्णालये रोबोटने खुबा बदलून देण्याच्या जाहिराती करीत आहेत. विज्ञानाला विरोध करणारा आपला समाज नव्हे. पण जाहिरात म्हणजे विज्ञान नव्हे.

रोबोट स्वतः शस्त्रक्रिया करीत नाही, सर्जनच करतो. सीटी स्कॅनवरून संगणकात रुग्णाच्या खुब्याचा नकाशा तयार होतो, कृत्रिम वाटी कोणत्या कोनात बसवायची ते आधी ठरते आणि हाड कोरताना यंत्राचा हात ठरलेल्या हद्दीबाहेर जाऊ देत नाही. वाटी चुकीच्या कोनात बसली तर सांधा निखळतो, लवकर झिजतो. अमेरिकेत १९९२ मध्ये ‘रोबोडॉक’ हे यंत्र प्रथम माणसाच्या खुब्यासाठी वापरले गेले. अशा यंत्रांमुळे वाटी अधिक अचूक बसते, हे अभ्यासांत दिसले आहे. मात्र तज्ज्ञ सर्जनने हाताने बसवलेल्या सांध्यापेक्षा हा सांधा जास्त वर्षे टिकतो, हे अजून ठामपणे सिद्ध झालेले नाही. जाहिरातीत हे दुसरे वाक्य नसते.

आपल्यासाठी प्रश्न वेगळाच आहे. खुबा म्हातारपणीच झिजतो असे नाही. विदर्भातील बौद्ध आणि आदिवासी समाजात सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आहे. विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्या अडवतात, मांडीच्या हाडाच्या डोक्याला रक्त मिळेनासे होते, हाड मरते आणि ऐन विशी-तिशीतला पोरगा लंगडू लागतो. त्याचे हाड कठीण, आतली पोकळी बुजलेली, संसर्गाचा धोका जास्त. म्हणजे अचूक आखणीची खरी गरज त्याला. आणि त्याच्या बापाच्या हाती असते ते पिवळे रेशनकार्ड! सिकलसेलवर संशोधन करणारी आयसीएमआरची रक्तविकार संस्था परळलाच, केईएमच्या आवारात आहे. तिचे एक केंद्र चंद्रपूरला आहे. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले. त्याचा भर आदिवासी भागांवर आहे, ते योग्यच. पण नागपूरच्या वस्तीतला बौद्ध तरुण त्यात कुठे बसतो, हे आपल्या प्रतिनिधींनी कधी विचारले?

नव्या यंत्राचा गवगवा होतो तेव्हा आत बसवलेल्या धातूकडे दुर्लक्ष होते. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू कंपनीने आपला ‘एएसआर’ खुबा २०१० मध्ये जगभरातून परत घेतला. धातूवर धातू घासून कोबाल्ट-क्रोमियम रक्तात उतरत होते. भारतात अशा सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या, पण केंद्राची तज्ज्ञ समिती नेमली गेली ती २०१७ मध्ये. त्याच वर्षी गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या किमतीला लगाम घातला गेला, खुबा मात्र त्यातून सुटला.

तेव्हा मागणी स्पष्ट हवी. खुब्याच्या सांध्याची किंमत बांधा. कोणाला कोणता सांधा बसवला याची सरकारी नोंद ठेवा. रोबोट आणायचाच तर तो केईएम, नायर, सायनमध्ये आणा, त्याचे वेगळे बिल रुग्णाच्या माथी मारू नका आणि यादीत सिकलसेलच्या तरुणाचे नाव आधी लिहा.