हेकरूचा नर कुठून येणार?

मंडळी, आज जरा मासळीवर. पण पापलेट, सुरमई, बोंबील नाही. खडकातल्या माशांवर.

आपल्या गोखिवऱ्यातून समुद्र दिसत नाही. आपल्याकडे तुंगारेश्वरचा डोंगर आणि खाली गाळे-कारखाने. मासळी येते पाचूबंदर, नायगाव, अर्नाळ्याहून, नाहीतर बर्फाच्या पेट्यांतून लांबून. त्या पेट्यांत हेकरू आणि तांबोशीही असते. हॉटेलच्या मेन्यूवर त्यांचंच नाव ग्रुपर आणि रेड स्नॅपर होतं. मांस घट्ट, तंदूरला एक नंबर. मीही आवडीने खातो, म्हणूनच हे लिहितोय.

हे मासे खडकाला आणि प्रवाळाला धरून राहणारे. वसईच्या समुद्रात वैतरणा आणि उल्हास गाळ आणून टाकतात. प्रवाळाला लागतं स्वच्छ पाणी आणि ऊन. त्यामुळे असे मासे बघायचे तर मालवणला जावं लागतं, नाहीतर त्याहून लांब, आंग्रिया बँकेवर.

आता खरी गोष्ट. हेकरूच्या बहुतेक जातींत मासा आधी मादी असतो. काही वर्षं अंडी घालतो, मोठा होतो आणि मग त्यातले काही नर बनतात. म्हणजे मोठे हेकरू वेचून काढले, की नर संपत जातात. लहान काढले, तर माद्याही गेल्या आणि उद्याचे नरही गेले. त्यात हा मासा वाढतो हळू, आणि अनेक जाती विणीच्या वेळी एकाच ठरलेल्या जागी गोळा होतात. ती जागा सापडली की एका फेरीत पिढी साफ.

राज्य सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवला. उदाहरणार्थ, पापलेट १३५ मिलिमीटरच्या खाली नको. चांगला नियम. पण हेकरूला तेवढ्याने भागत नाही, कारण इथे मोठा मासाही वाचायला हवा. त्यासाठी एक उपाय: त्याची काही घरं राखून ठेवणं.

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, सुमारे २९ चौरस किलोमीटरचं. आपल्याकडचे किती चाकरमानी सिंधुदुर्गातले! मे महिन्यात पाहुण्यांना घेऊन स्नॉर्कलिंगला जाता, तेव्हा बोटीचा नांगर कुठे पडतोय तेवढं बघा. प्रवाळावर पाय देऊन फोटो काढू नका. २००१ पासून प्रवाळाला वाघाइतकंच कायद्याचं संरक्षण आहे.

आंग्रिया बँकेचं दुखणं वेगळं. कान्होजी आंग्र्यांचं नाव असलेलं हे बुडालेलं पठार विजयदुर्गपासून सुमारे १०० किलोमीटर आत आहे. राज्याचा १९८१ चा मासेमारी कायदा १२ सागरी मैलांवर, म्हणजे साधारण २२ किलोमीटरवर संपतो. पुढचा समुद्र केंद्राचा. १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याखाली केंद्र ती जागा राखीव ठरवू शकतं. मुद्दा इच्छेचा आहे.

कुणी म्हणेल, कोळी बांधवांच्या पोटावर पाय का देता? उलट आहे. १०० किलोमीटर आत जाऊन दिवसरात्र ओढणं हे मोठ्या ट्रॉलरचं काम, आपल्या अर्नाळ्याच्या छोट्या होडीचं नाही. आणि राखलेल्या जागेतली वाढ बाहेर सांडतेच. १ जून ते ३१ जुलैची बंदी आपले लोक याच हिशोबाने पाळत आले ना?

तर माझं म्हणणं तीन गोष्टींचं.

एक, महापालिकेने प्रत्येक मासळी बाजारात किमान आकाराचा फलक लावावा, मराठीत, माशाच्या चित्रासह. खर्च किती तो!

दोन, पालघरच्या खासदारांनी आंग्रिया बँकेचा विषय संसदेत मांडावा. बंदर, हायवे यांवर बोलता, तसं यावरही बोला.

तीन, आपण. मावशीला विचारा, हेकरू कुठला? वीतभर पिल्लू असेल तर घेऊ नका. एखाद्या रविवारी तांबोशीऐवजी बांगडा घ्या. तो लवकर वाढतो, स्वस्त पडतो आणि तिखल्याला त्याच्यासारखा दुसरा नाही.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर खाली लिहा, पण मुद्द्यावर लिहा.