पेव फुटण्याआधी...

‘मॉलमध्ये सेलचं नुसतं पेव फुटलंय,’ असं आपण सर्रास म्हणतो. पण पेव म्हणजे नेमकं काय, माहितेय? जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार. त्यात धान्य भरायचं, तोंड बंद करायचं आणि वरून लिंपून टाकायचं. असं पेव फुटलं की आतलं सगळं एकदम बाहेर! शनिवारी सकाळी तो निळा टी-शर्ट शोधायला तुम्ही कपाट उघडता आणि इस्त्रीचे कपडे, तीन चार्जर, कुणाच्या तरी लग्नातलं न उघडलेलं गिफ्ट आणि २०१९ची बिलं अंगावर येतात ना, ते हेच.

घर आवरायचं म्हटलं की हल्ली सगळे जपानकडे बघतात. मारी कोन्डो बाईंना आपला सलाम आहेच. (तिसऱ्या बाळानंतर घरातल्या पसाऱ्यापुढे आपण थोडे हात टेकलेत, असं बाईंनीच २०२३मध्ये सांगून टाकलं, तेव्हापासून तर त्या जास्तच आवडायला लागल्यात.) पण आज इतक्या लांब जायचं नाही. पुण्याहून नव्वदेक किलोमीटरवर, शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे, तिथे जाऊ.

इथे डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर, डॉ. अन्सारी अशी दिग्गज नावं या कामात होती. मातीखालून निघालं ते इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० या काळातलं शेतकऱ्यांचं अख्खं गाव. शंभराहून जास्त घरं! त्यातली भरभराटीच्या काळातली घरं चौकोनी, साधारण सात मीटर लांब आणि पाच मीटर रुंद. हिशोब करा. पावणेचारशे चौरस फूट. म्हणजे आपला वन आरके किंवा बिल्डरच्या भाषेतला ‘कॉम्पॅक्ट’ वन बीएचके. मध्ये कुडाची भिंत, चूल, झोपायची जागा आणि वर्षभराचं धान्य, सगळं एवढ्यात.

बसवलं कसं? तर साठवणीची जागा जमिनीतच पक्की करून. धान्यासाठी खणलेली, आतून चुन्याने लिंपलेली पेवं. कणगी ठेवायला मातीचे गोल ओटे. मोठ्या रांजणाचे चार पाय टेकायला चार सपाट दगड. तीन हजार वर्षांनी रांजण गेला, धान्य गेलं, पण दगड आहेत तिथेच आहेत! पुरातत्त्ववाल्यांना त्या घरात काय कुठे होतं हे सांगता आलं, ते जागा ठरलेल्या होत्या म्हणून. तुमच्या फ्लॅटमध्ये कात्री कुठे असते, हे तुमच्या रूममेटला तरी सांगता येईल का?

माझ्या मते सगळा फंडा इथेच आहे. पेव भरलं की भरलं. ते ताणून मोठं होत नाही. आपण नेमकं उलटं करतो. वस्तू आधी आणतो आणि मग त्यांच्यासाठी जागा, म्हणजे आणखी एक रॅक, आणखी एक प्लास्टिकचा बॉक्स. घर आवरायचं ठरवून तडक बोहरी आळी गाठणारे आणि डझनभर डबे घेऊन येणारे उत्साही वीर मी बरेच बघितलेत. दोन महिन्यांनी डबे हाच नवा पसारा! म्हणून पहिले दोन वीकेण्ड काहीही विकत घ्यायचं नाही. एक रुपयाही नाही.

त्याऐवजी हे करा. एका वेळी एकच खण. अख्खं घर एका रविवारी काढायला बसलात तर रात्री अकराला बेडवर कपड्यांचा डोंगर आणि तुम्ही सोफ्यावर. एक खण, एक तास, तीन पिशव्या : ठेवायचं, द्यायचं, भंगार. ‘असू दे, लागेल कधीतरी’ नावाची चौथी पिशवी नाही, कारण घराघरात पसारा करते ती हीच. टी-शर्टला एक खण दिला की टी-शर्ट तेवढेच. नवा आला की जुना बाहेर, मग तो कॉलेज फेस्टचा का असेना.

खणात कप्पे हवेत? बुटांचे आणि मोबाइलचे रिकामे खोके कापून बसवा. मोजे, बेल्ट, टाय उभे राहतात, दिसतात. चादर आणि तिचे अभ्रे त्याच सेटच्या एका अभ्र्यात घालून ठेवा, मग ‘दुसरा अभ्रा कुठाय?’ ही शोधमोहीम कायमची बंद. पलंगाखाली मोठी सूटकेस रिकामी पडलीय ना? तिच्यात थंडीचे कपडे जातात. प्रत्येक चार्जरला कागदी चिठ्ठी चिकटवा आणि जुन्या चष्म्याच्या केसमध्ये टाका. ज्या वायरीचं नाव तुम्हालाच सांगता येत नाही, ती ई-कचऱ्यात. (ओल्या-सुक्यात ढकलू नका प्लीज, वेगळी द्या.)

किचनमध्ये कॉफीच्या आणि जॅमच्या काचेच्या बरण्या झिंदाबाद. आत काय आहे ते दिसतं, फुकट मिळतात. आजीच्या घरची उतरंड आठवतेय? मोठं भांडं खाली, त्यावर लहान, त्यावर त्याहून लहान. पातेल्यांना आजही याहून स्वस्त ऑर्गनायझर निघालेला नाही. फक्त रोजचं पातेलं वर हवं. आणि दोन किलोवर एक किलो फ्री असलेली डाळ दोघांच्या घरात आणू नका. तिला पोरकिडा लागेपर्यंत तुम्ही तिचं भाडंच भरत असता.

हो, भाडं! पुण्यात चौरस फुटाचा हिशोब आपल्याला तोंडपाठ असतो, पण न वापरलेला ट्रेडमिल त्यातले किती चौरस फूट खातो ते आपण मोजत नाही.

इनामगावची पुढची गोष्ट जरा उदास आहे. इसवी सनापूर्वी १०००च्या सुमारास ती ऐसपैस चौकोनी घरं संपली आणि त्यांच्या जागी गोल झोपड्या आल्या. व्यास जेमतेम तीन मीटर, म्हणजे पंचाहत्तर चौरस फूट. तुमच्या बेडरूमपेक्षाही लहान. ढवळीकरांनी याचा संबंध कोरड्या पडत गेलेल्या हवामानाशी जोडला होता. शेती पिकेना, शेळ्या-मेंढ्यांमागे भटकणं वाढलं, घर आटलं. तिथे काय न्यायचं आणि काय मागे ठेवायचं, हा पोटाचा प्रश्न होता.

आपलं तेवढं कठीण नाही, पण अकरा महिन्यांचा ॲग्रीमेंट संपला की टेम्पो आपल्याही दारात येतो. तेव्हा हे बघा : मागच्या शिफ्टिंगचा जो खोका अजून टेप न काढता माळ्यावर पडलाय, तो पुन्हा टेम्पोत चढवू नका. उघडा, त्यात कागदपत्रं किंवा फोटो असतील तर काढून घ्या, बाकीचं तिथूनच रवाना. कपडे धुवून, घडी करून द्या. फाटकं कुणाला ‘दान’ करू नका, त्याची फडकी करा. रद्दीवाल्याला फोन लगेच, ‘पुढच्या रविवारी’ नाही.

आता राहिल्या आठवणी. आईने दिलेली तांब्याची लोटी, बाबांचं बंद पडलेलं घड्याळ, पहिल्या ऑफिसचं आयकार्ड. ती टाका असं मी म्हणणार नाही, आणि कुठल्याही आवराआवरीच्या पुस्तकाचं ऐकून तुम्हीही टाकू नका. इनामगावच्या एका घरात जमिनीखाली मातीची एक पेटी सापडली, झाकणासकट. आत डोकं नसलेली स्त्रीची छोटी मूर्ती होती आणि तिच्याबरोबर मातीचा बैल. ती कोणती देवी, ती अशी जपून का ठेवली, यावर अभ्यासक बोलत राहतील. पण त्या पावणेचारशे चौरस फुटांत, धान्याच्या गर्दीत, या दोन वस्तूंसाठी कुणीतरी एक वेगळी पेटी घडवली होती.

तुम्हीही एक करा. बुटांचा खोका चालेल, आईची जुनी पत्र्याची ट्रंक मिळाली तर क्या बात! माणशी एक. झाकण मात्र नीट बसलं पाहिजे.