कॅमेरा कोणता घ्यावा?

गेल्या स्नेहसंमेलनाच्या दिवशीं नववींतील एका विद्यार्थ्याचे वडील आम्हांस भेटावयास आले. त्यांच्या हातांत मुलानें लिहून दिलेला कागद होता. त्यावर तीन कॅमेऱ्यांचीं नांवें व प्रत्येकापुढें किंमत. ‘सर, घरांत मोबाईल असतांना हा रोलचा कॅमेरा कशाला? आणि घ्यावयाचाच तर यांतला कोणता?’ असा त्यांचा प्रश्न. त्या गर्दींत आम्हीं अर्धवट उत्तर दिलें. तें येथें पुरें करीत आहों. कारण हाच वाद आणखीही कांहीं घरांत चालू असल्याचें आमच्या कानीं आहे.

कोल्हापूरच्या मुलास कॅमेऱ्याचें वेड लागावें यांत नवल तें काय? खरी कॉर्नरच्या कॅमेरा मानस्तंभावरून आपण नेहमीं येतों जातों, पण थांबून पाहतों किती जण? आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंनीं दादासाहेब फाळक्यांचा चित्रपट पाहिला आणि चलच्चित्राचा कॅमेरा आपणच बनवावयाचा असा ध्यास घेतला. १९१६ सालीं आनंदराव वारले. बाबूरावांनीं दामले यांच्या साहाय्यानें काम पुढें चालविलें, १९१८ च्या सुमारास कॅमेरा सिद्ध झाला, आणि १९२० सालीं ‘सैरंध्री’ लोकांपुढें आला. बाबूराव आधीं चित्रकार होते हें विसरूं नये. यंत्र हातीं येण्यापूर्वींच त्यांची नजर तयार होती. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांचा क्रम याच्या उलट असतो, आणि वडिलांच्या खिशास झळ लागते ती तेथेंच.

मोबाईलविषयीं आमची तक्रार नाहीं. तो उत्तम चित्रें काढतो. किंबहुना मुलाच्या वतीनें तोच सारें ठरवितो, एवढीच त्यांतली खोट. रोलमध्यें छत्तीस घरें. सदतिसाव्यास पैसे पडतात. काढलेलें चित्र लागलींच दिसत नाहीं. आम्ही तर आमचे रोल टपालानें बाहेरगांवीं धुण्यास पाठवितों व दोन आठवडे वाट पाहतों. एवढ्या अवधींत, त्या दिवशीं ऊन कोठून येत होतें, आपण कोठें उभे होतों, हें मुलाच्या मनांत घोळत राहतें. पंधरा वर्षांच्या मुलास हें घोळणें महाग पडत असलें तरी वायां जात नाहीं, असें आमचें मत आहे.

आतां लेन्स. कॅमेऱ्यापेक्षां तीच महत्त्वाची. आणि तिच्यावरील आकड्याचें गणित आठवींतील मुलासही जमेल असें आहे. नेहमींच्या रोलचें एक घर ३६ मिलिमीटर रुंद व २४ मिलिमीटर उंच असतें. आपण जितक्या अंतरावर उभे आहों त्यास ३६ नें गुणावें व लेन्सच्या आकड्यानें भागावें, म्हणजे चित्रांत किती रुंदी मावेल तें कळतें. दहा फुटांवरून ५० च्या लेन्सला सुमारें सात फूट दिसतात, ३५ च्या लेन्सला दहा, आणि २८ च्या लेन्सला जवळजवळ तेरा.

हें गणित आम्हांस फार उशिरां कळलें. आम्ही सातवींत असतांना, १९९० च्या दशकाच्या आरंभीं, आमच्या आजीच्या पंचाहत्तरीस सारें गोत घरीं जमलें होतें. मामांनीं मित्राचा कॅमेरा मागून आणला. लेन्स ५० ची. माजघर ऐसपैस दहा-अकरा फुटांचें. मामा मागें सरतां सरतां भिंतीस टेकले, मग ‘जवळ या, अजून जवळ या’ असें ओरडूं लागले. जवळ तरी किती यावें? रोल धुऊन आला तेव्हां आजी मधोमध छान आली होती, आणि उजव्या कडेस धाकट्या आत्याच्या लुगड्याचा काठ व एक हात एवढेंच उरलें होतें. पुढच्या वर्षीं आत्या गेली. तिचें दुसरें चित्र आमच्या घरीं नाहीं.

म्हणून आम्ही रुंद नजरेच्या लेन्सचा पक्ष घेतों. आपलीं घरें लहान, पेठांतील गल्ल्या अरुंद, तालमीच्या आखाड्यांत मागें सरावयास जागा नाहीं. मात्र जितकी रुंद तितकी बरी असें नव्हे. २८ च्या लेन्सनें कडेला बसलेल्या माणसाचा चेहरा ताणला जातो, आणि फार जवळ गेल्यास नाक पुढें येतें, मावशी रागावतात. कॅमेरा वर उचलला कीं देवळाचें शिखर मागें कललेलें दिसतें. माणसांचीं चित्रें काढणाऱ्या मुलास ३५ ची बरी, वाडे आणि घाट टिपणाऱ्यास २८ ची. दुसरा लाभ असा कीं, ८ च्या छिद्रावर २८ ची लेन्स सव्वातीन मीटरांवर लावून ठेविली तर सुमारें पावणेदोन मीटरांपासून क्षितिजापर्यंत सारें स्पष्ट येतें. मग फोकस करीत बसावें लागत नाहीं. पाहावें आणि टिपावें.

त्या मुलाच्या कागदावरील पहिलें नांव रिको जीआर-१ चें होतें. १९९६ चा हा कॅमेरा सुरेख, लेन्स २८ ची; परंतु त्याचे विजेचे अवयव बिघडले तर दुरुस्त होणें कठीण, आणि किंमत ऐकूनच आम्हांस घाम फुटला. दुसरा रोलाय ३५. हा १९६६ चा, मुठींत मावणारा. शटर यांत्रिक, सेल नसला तरी चालतें, पण लेन्स ४० ची आणि अंतर डोळ्यांनीं अजमावावें लागतें. तिसरा ऑलिंपस एक्सए-२, १९८० चा. लेन्स ३५ ची, जवळ-मध्यम-दूर अशा तीनच खुणा, आणि झांकण बंद केलें कीं खूण आपोआप मध्यमावर येते. सेलाशिवाय तो निरुपयोगी, पण सेल साधे. तिघांत आमचें मत या तिसऱ्यास. नवाच हवा असेल तर २०२४ सालीं निघालेला पेंटॅक्स १७ आहे. तो एका घरांत दोन चित्रें बसवितो, म्हणजे छत्तिसाचीं बाहत्तर होतात. तथापि शाळकरी मुलाकरितां एवढी रक्कम ओतावी असें आम्हांस वाटत नाहीं.

जुना माल घेतांना डोळे उघडे ठेवावे. एकदां आम्हीही भिंग न तपासतां कॅमेरा आणला आणि पावसाळ्यानंतर त्यांत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरलेली पाहिली. आपल्याकडील पावसांत चामड्याचें म्यान म्हणजे बुरशीचें माहेरघर. कॅमेरा हवाबंद डब्यांत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. मागील दाराच्या कडेचा स्पंज दाबून पाहावा. तो चिकट झाला असेल तर उजेड आंत शिरतो.

पालकांस आमचें सांगणें थोडकें. कर्ज काढून कॅमेरा घेऊं नये, दहावीच्या वर्षीं तर नकोच. चार मुलांनीं मिळून एक घेतला तरी चालेल. प्रत्येकाच्या वांट्यास नऊ घरें येतील. आणि बाजारांत जाण्याअगोदर घरचें कपाट उघडून पाहावें. आजोबांचा एसएलआर निघाला तर नवीन कांहींच नको. त्याच्या बैठकीस जुळणारी २८ किंवा ३५ ची लहानशी लेन्स तेवढी मिळवावी.

त्या गृहस्थांस आम्हीं घाईघाईंत हेंच सांगितलें होतें. आठवड्यानें ते पुन्हां आले. कपाटांतून त्यांच्या वडिलांचा कॅमेरा खरोखरच निघाला होता. स्पंजाचा भुसा झालेला, शटर मात्र खणखणीत. स्पंज मुलानें स्वतः बदलला. लेन्स अर्थातच ५० ची आहे. २८ ची आम्ही दोघे शोधीत आहों.